रुजेल ते वाडीचं

माझी सून दर वर्षी पाऊस जवळ आला की एकच गोष्ट म्हणते. "आई, एवढी जमीन आहे आपली. हळद जमिनीत लावू या ना. हे डबे कशाला?" मी डबे उपडे करून त्यांची बुडं ठोकून बघते, गंजलेला डबा बाजूला टाकते, चांगल्या डब्याखाली दोन चिरे सारते आणि मगच त्यात माती भरते. तिला वाटतं, म्हातारीचा हट्ट आहे. हट्ट नव्हे. राग आहे, आणि तो मी जपून ठेवलेला आहे. कुणी म्हणेल, इतकी वर्षं झाली, आता सोडा. ज्यांचं काही गेलं नाही ते असं म्हणतात. मी भाजीच्या धंद्यात वर आले ती कुणाच्या आशीर्वादाने नव्हे, कुणालाही फुकट काही न देता आणि कुणाकडून फुकट काही न घेता आले. हे मला कुठे शिकायला मिळालं, ते एकदा लिहून ठेवते.

मी लहान होते तेव्हा आम्ही इथेच रेवदंड्याला एका सुपारीच्या वाडीत भाड्याने राहत होतो. वाडी काकींची. त्यांना सगळा गाव काकीच म्हणायचा. नवरा लवकर गेला, मूलबाळ लहान, आणि तेव्हापासून विहीर, रहाट, माड, सुपाऱ्या सगळ्याचा कारभार त्यांनी एकटीने चालवला. बाई हुशार होती, हे मी नाकारणार नाही. त्यांच्या घराच्या मागच्या पडवीला भिंत घालून केलेली एक लांबोडकी खोली आमची. खोलीपुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेने सुपाऱ्या, आणि सुपाऱ्यांच्या डोक्यांची वर अशी दाटी, की भर दुपारी आई चुलीपुढे चिमणी लावून तांदूळ निवडायची. सकाळी रहाट सुरू झाला की त्याची कुरकुर, बैलाच्या गळ्यातली घंटा, पन्हळीतून पडणारं पाणी, मधूनच कौलावर टपकन पडलेली सुपारी, आणि या सगळ्याच्या मागे समुद्र. बाहेरच्या माणसाला ती वाडी स्वर्ग वाटायची. स्वर्गात कपडे वाळत नाहीत, हे त्यांना ठाऊक नसायचं. आमचे कपडे कायम दमट असायचे.

माझे बाबा मचव्यावर खलाशी होते. मुंबईला नारळ-सुपारी न्यायची, येताना कौलं, धान्य, घासलेट आणायचं. खोली घेतली त्या दिवशी काकींनी ओटीवर बसून बाबांना बजावलं होतं, "हे बघ, जमिनीत काडी खोचायची नाही. आधीच्या भाडेकरूनं दोन माड लावले आणि जाताना त्यांच्यावर हक्क सांगत बसला. वाडीत रुजेल ते वाडीचं. कबूल?" बाबा खाली उभे होते. "व्हय काकी," म्हणाले. बाबा सगळ्यालाच व्हय म्हणायचे. मचव्यावरच्या तांडेलाला व्हय, वाण्याला व्हय, काकींना तर विचारायच्या आधीच व्हय. पावसाळ्यात मचवा खाडीकाठी ओढून, झापांनी शाकारून ठेवला, की बाबा घरी असायचे आणि मग काकींच्या वाडीतलं पडेल ते काम करायचे. पाटातला गाळ काढ, झावळ्या ओढ, विहिरीवरची शेवाळ खरवड. मजुरी मागायची नाही. "आपण त्यांच्या छपराखाली ऱ्हातो," एवढंच म्हणायचे. त्या छपराचं भाडं आपण देतो, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही.

आईचा स्वभाव वेगळा. ती उलट बोलायची नाही, पण ऐकलेलं नीट तोलून बघायची. जमिनीत लावायचं नाही ना? तिने एक फुटकी घागर घेतली, तिच्यात माती भरली आणि अळू लावलं. माती वाडीतली घेतली नाही. आमच्या शेजारच्या गल्लीत खतिजाखाला राहायच्या, त्यांच्या घरच्यांचं बाजारात दुकान होतं. त्यांच्या परसातून आई टोपल्यांनी माती आणायची. रिकामे घासलेटचे डबेही खालांकडचेच. त्या बदल्यात खालांना पुदिना. पुदिन्याला सावली मानवते, आमच्याकडे तो डब्याच्या कडेवरून खाली लोंबायचा. "या अल्ला," खाला म्हणायच्या, "अंधाराच्या खोलीत न् पुदिना बघ कसा मातलाय! माझ्याकडं उन्हात करपतो न् हिच्याकडं बघा!" आणि जाताना मला म्हणायच्या, "बेटी, डब्याला खाली भोकं पाडलीस ना? न्हायतर मुळं कुजतील." भोकं मीच पाडायचे, खिळा आणि वरवंटा घेऊन.

सावलीत काय येतं आणि काय येत नाही, हे आम्ही चुकत चुकत शिकलो. वांग्याला पानं आली, वांगी आली नाहीत. मिरचीची उंची माझ्याएवढी झाली, पण मिरचीचा पत्ता नाही. आईने ती उपटली नाही. "पाला तरी हाय," म्हणाली आणि त्याची भाजी केली. अळू मात्र उदंड. आलं, पानओवा, भिंतीवर चढवलेला मायाळू, सगळं साधलं. मायाळू आणि मिरची यांचे डबे लहान होते. वरच्या दाटीतून उन्हाचा एक तुकडा अंगणात उतरायचा आणि न्हाणीपासून विहिरीकडे सरकत जायचा. "वच्छे, ऊन सरकलं!" आई आतून ओरडायची, आणि मी डबे उचलून उन्हाच्या मागे न्यायचे. दिवसभर हेच. खताला मासळीचं धुवण. मथी कोळीण आमच्या दारात टोपली उतरवायची, मासळी साफ करायची आणि ते पाणी मी डब्यांत ओतायचे. त्या अळवाचं फतफतं, त्यात फणसाच्या आठळ्या, वर चिमूटभर सुका जवळा, आणि तांदळाची भाकरी. पुढे मी चांगल्या चांगल्या ठिकाणी जेवले, पण अळू मला अजून दुसरीकडचं गोड लागत नाही.

हळदीचे डबे मोठे होते, सगळ्यांत मोठे. हळदीला ऊन नसलं तरी चालतं, म्हणून ते विहिरीकडच्या एका सुपारीच्या बुंध्याशी ओळीने ठेवले ते तिथेच राहिले. हलवायचं कारणच नव्हतं. आई दर वर्षी त्यांतले थोडे कंद काढायची आणि तेच परत त्यांत लावायची.

आता हळदीच्या पानाचं सांगते, कारण भांडण त्याच्यावरून आहे. नागपंचमीला आमच्याकडे घरोघर पातोळ्या. तांदळाच्या पिठाचा लेप हळदीच्या पानावर पसरायचा, आत गूळखोबरं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. पानाशिवाय पातोळी म्हणजे नुसतं उकडलेलं पीठ. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीन तर खणायचीच नाही, म्हणून पानं आदल्या संध्याकाळी आणून ठेवायची. आळीतल्या बायका पानांसाठी काकींकडे जायच्या. काकी विकत द्यायच्या नाहीत. "ने गो, पान काय मोजायचं!" म्हणून हातभर जुडी द्यायच्या. बायका म्हणायच्या, काकींचा हात किती मोठा. मग दिवाळी झाली, वाळलेली सुपारी सोलायची वेळ आली, की निरोप यायचा. "नागपंचमीला पान नेलं होतंस ना? दोन दिवस ये जरा सोलायला." दोन दिवसांचे आठ व्हायचे. बायका मांडी घालून बसायच्या, बोटांची सालं निघायची, आणि चहाचा घोटही मिळायचा नाही. माझी आईसुद्धा बसायची. तिच्या नखांत रक्त साकळलेलं मी बघितलंय. पान मोजलं नाही म्हणून सोलणंही मोजायचं नाही, असा तो हिशेब होता. कुणाच्या तो लक्षात यायचा नाही. माझ्या आला.

तेव्हा माझं परकर-पोलकं सुटायचं होतं. पण जीभ सुटली होती. त्या वर्षी आमची हळद अशी फोफावली, की पान माझ्या खांद्याला लागायचं. मी श्रावण लागताच आळीत फिरून सांगितलं, "पानं आमच्याकडे आहेत. फुकट नाहीत. काहीतरी आणायचं आणि पान न्यायचं, मग तुम्ही मोकळ्या न् आम्ही मोकळे." बायकांना आधी हसू आलं. मग एकीने विचारलं, "न् दिवाळीला?" मी म्हटलं, "दिवाळीला तुम्ही तुमच्या घरी." तेवढं पुरलं. आदल्या दुपारपासून आमच्या मागच्या दारी बायका यायला लागल्या. कुणी मूठभर वाल, कुणी गुळाचा खडा, कुणी अर्धी करवंटी खोबरं. मी घासाघीस केली. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. वाल किडके दिसले तर परत पाठवले. मथी कोळीण सुके बोंबील घेऊन आली. तिने माझ्या पुढ्यात बोंबील धरले आणि मी तोंड वाकडं केलं, तशी ती कडाडली, "आगं ए चिमुरडे! माज्या बोंबलाला नाक मुरडतंस? तुज्या सासूला सुकवीन मी यांच्या शेजारी!" सगळ्या हसल्या. आई चुलीशी बसून हसत होती. आईला अशी हसताना मी फार वेळा बघितलेली नाही.

तेवढ्यात काकी आल्या. त्यांच्या दारी त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं. मागे धोंडू गडी, हातात पहार. काकी ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडायच्या नाहीत.

"कुणाची हळद ही?"

"आमची," मी म्हटलं. "डब्यातली आहे. जमिनीतली नाही."

"डब्यातली असेल तर डबा उचलता येईल. उचल बरं."

मी पुदिन्याचा डबा उचलला, मायाळूचा उचलला, अळवाची घागर कमरेवर घेऊन दाखवली. "ते नव्हे," काकी म्हणाल्या. "हळदीचा."

मी हळदीच्या डब्याला मिठी घातली आणि ओढला. डबा हलेना. पाय रोवून ओढला. मग कर्रकन आवाज झाला आणि मी मागे पडले. माझ्या हातात डब्याचा चौकोनी पत्रा आला. बूड खाऱ्या हवेने आणि मासळीच्या पाण्याने केव्हाच गळून गेलं होतं. मातीचं ढेकूळ जागच्या जागी उभं राहिलं, हळदीसकट, आणि त्याच्या अंगभर मुळ्यांची जाळी, सगळी खाली जमिनीत गेलेली.

"बघ," काकी म्हणाल्या. "रुजली. आणि वाडीत रुजेल ते वाडीचं. तुझ्या बापानं कबूल केलंय. धोंडू, काढ सगळी. उद्या खणता येणार नाही."

आई उठून उभी राहिली होती. बाबा पायरीवर बसून काथ्याची दोरी वळत होते, त्यांनी मानही वर केली नाही. मी मात्र चिखलात गुडघे टेकले. रागाने मला त्या मुळ्या तोडायच्या होत्या, एवढंच. हात घातला आणि थांबले. हळद दर वर्षी आईबरोबर मीही काढायचे. हळदीची मुळं पांढरी, मऊ, बोटाने तुटणारी. ही तपकिरी होती, दोरीसारखी चिवट. मी एक धरून ओढलं. ते तुटलं नाही. ते चिखल उचलत उचलत गेलं, सरळ शेजारच्या सुपारीच्या बुंध्यापर्यंत. मी ढेकूळ फोडलं. हळदीची पांढरी मुळं आतल्या आत, मुठीएवढ्या जागेत वेटोळी करून बसली होती. बाकी सगळी जाळी सुपारीची. मी पाडलेल्या भोकांतून ती वर डब्यात शिरली होती, आमचं मासळीचं पाणी प्यायला.

"काकी," मी ओरडले, "ही हळद नाही! ही तुमची सुपारी आहे! हळद जमिनीत गेली नाही, तुमची सुपारी आमच्या डब्यात आली. वाडीत रुजेल ते वाडीचं, मग डब्यात रुजेल ते डब्याचं. ही सुपारी आमची. काढ रे धोंडू, ती पण काढ!"

मथी अशी हसली की तिची टोपली कलंडली. "पोरीनं वाडी घेतली गं बया! काकी, सांभाळा, उद्या इहीर घेल!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. धोंडूसुद्धा हसला आणि त्याने पहार खाली ठेवली. काकींचा चेहरा पांढरा पडला. मी हे आज ठामपणे लिहिते. मी जिंकले होते.

आणि मग बाबा उठले.

त्यांनी कोयता घेतला. मला वाटलं, ते सुपारीचं मूळ तोडणार. त्यांनी हळदीची पानं कापली. सगळी. एकेक डब्याजवळ वाकून, बुडाशी धरून, एकही न ठेवता. स्वतः वळलेल्या दोरीने जुडी बांधली आणि काकींच्या पुढे ठेवली. "पोर हाय काकी," म्हणाले. "तिला अक्कल न्हाय. मनावर घेऊ नका." मग माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "पाया पड." मी पडले नाही. तेव्हा त्यांनी मान खाली दाबली. मचव्यावर नांगर ओढणारा हात तो. काकींच्या पायांजवळच्या चिखलात माझं कपाळ टेकेपर्यंत दाबली.

काकींनी जुडी सोडली आणि तिथेच उभं राहून पानं वाटायला सुरुवात केली. "ने गो. पान काय मोजायचं!" आणि बायकांनी घेतली. आत्ता माझ्याबरोबर हसणाऱ्या बायका, एकेक पुढे झाली, हात पुढे केले, "काकी, तुमचा हात मोठा" म्हणाल्या. वाल, गूळ, खोबरं जातानाच परत उचलून नेलं. एकट्या मथीने पान घेतलं नाही. "मला नको. माजं पान ठरलं व्हतं पोरीकडं," म्हणाली आणि बोंबील आमच्या उंबऱ्यावर ठेवून गेली. शेवटी काकींनी चार पानं आईच्या हातावर ठेवली. "तू पण ने. सणाचा दिवस आहे." आमचीच पानं, आमच्याच दारात.

लोक मला विचारतात, काकींवर एवढा राग? काकींवर नाही. त्या आपल्या बाजूने लढत होत्या, मी माझ्या. समोरच्याने ओढून धरलं तर मी त्याला मान देते, बाजारात आयुष्य गेलं माझं. माझा राग जिंकलेला सौदा स्वतःच्या हाताने देऊन टाकणाऱ्यावर आहे. बाबांचा फोटो माझ्या ओटीवर आहे, त्याला हार मीच घालते. त्यांच्या शेवटच्या आजारपणात सगळं केलं, काही कमी पडू दिलं नाही. पण मान खाली घालून नमस्कार मी त्या फोटोला केलेला नाही. माझी मान त्यांनी एकदा वाकवली, तेवढं पुरे.

त्या संध्याकाळी आई ती चार पानं घेऊन गेली आणि काकींच्या उंबऱ्यावर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी तिने पातोळ्या ओल्या फडक्यावर उकडल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, बिनवासाच्या. बाबांनी एक तोडली, चावली आणि म्हणाले, "हळदीचा वास न्हाय."

आई वाढता वाढता थांबली. "वास काकींकडं हाय," ती म्हणाली. "जावा, हुंगून या."

बाबा ताटावरून उठले नाहीत, पण पुन्हा हातही लावला नाही. मी पोटभर खाल्ल्या. बिनवासाच्या त्या पातोळ्यांइतकं चवीचं काही मी त्या घरात खाल्लेलं नाही. सण सरल्यावर आईने चिखलातले कंद वेचून ओटीत घेतले. खालांनी नवे डबे दिले आणि आईने मला चिरे आणायला पाठवलं, प्रत्येक डब्याखाली दोन. त्या दिवाळीला सोलणीचा निरोप आला तेव्हा आई गेली नाही. "मी पान नेलं न्हाय," एवढंच तिने सांगून पाठवलं. पुढच्या भाड्याला काकींनी खोली सोडायला लावली. आम्ही डबे डोक्यावर घेऊन वाडीतून बाहेर पडलो. प्रत्येक डबा उचलला. एकही अडला नाही.

हीच ती हळद. त्याच कंदांची, माझ्या डब्यांत.

परवाच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी एक तरुण मुलगी दारात आली. लग्न होऊन नुकतीच आलेली, गोड बोलणारी. काकींच्या नातवाची बायको. त्यांच्या वाडीतली हळद आता राहिली नाही म्हणे. "आजी, दोनच पानं द्या ना. पान काय मोजायचं!"

तिला कुठून ठाऊक असणार! घरातली बोलायची रीत घरात टिकते, तशीच तिच्या तोंडी आली. मी विचारलं, "विहिरीकडची ती सुपारी आहे का अजून, न्हाणीच्या समोरची?" म्हणाली, आहे, उंच झालीय फार. मी म्हटलं, "तिची एक सुपारी घेऊन ये. पडलेली चालेल. मग पान देते." सून आतून माझ्याकडे बघत राहिली. मुलगी हसली, तिला वाटलं म्हातारीची थट्टा. पण ती गेली आणि पदरात एक ओली सुपारी घेऊन परत आली. मी सुपारी घेतली. हातात तोलून बघितली. दोन मोठी, निवडक पानं कापून तिला दिली आणि सांगितलं, "झालं. आता तू मोकळी."

सुपारी फळीवर ठेवली आहे. एक आली. त्या झाडाच्या बाकीच्या अजून यायच्या आहेत.